तीन अक्षरांची मनिऑर्डर

गुरुजींचा फोन आला, "ती गेली हो..." त्याला आता महिना होऊन गेला. पण अक्का आठवली की मला रडू येत नाही, हसूच फुटतं. काय बाई होती!

सदुसष्ट-अडुसष्टचा सुमार. मी मूळचा जळगावचा, नोकरीला पिंपळनेरच्या पोस्टात, मनिऑर्डरच्या खिडकीवर. तिचा नवरा, म्हणजे हे गुरुजी, तेव्हा धुळ्याला मास्तरकीचं ट्रेनिंग घेत होते आणि अक्का इकडे मिरच्या खुडून त्यांना दहा-पंधरा रुपये धाडायची. फॉर्म सासरे भरून आणायचे. त्या खेपेला ते तापाने पडले, म्हणून परीक्षेची फी घेऊन अक्का एकटीच आली.

"नाव?" मी विचारलं. अक्काने नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं! मागे रांग खोळंबलेली, मी आधीच तापट. शेवटी पदर ओढून पुटपुटली, "रामना धाकला भाऊ." मी शहाण्याने ठोकून दिलं, लक्ष्मण पाटील. झालं! धुळ्याच्या ट्रेनिंगला पाटील पाच, लक्ष्मण एकही नाही. मनिऑर्डर परत आली. फी भरायला चारच दिवस उरलेले, हुकली की वर्ष बुडालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरोप धाडून अक्काला बोलावलं.

"भरत का?" ती लाजली, मान हलवली. मी टाक उचलला तर तिने हात आडवा घातला.

"तुमना भरवसा नही, भाऊ. माले दखाडा. मीच लिखसू."

"अहो, पण नाव..."

"तोंडथून लेवानं नही. लिखाले काय हरकत शे?"

काना नाही, मात्रा नाही, तीन अक्षरं. टीपकागदावर मी काढून दिली. दोन फॉर्म वाया गेले, तिसरा जमला. "वा रे अक्का!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. मी घाईने शिक्का मारला, खाली निरोपासाठी असतं त्या कुपनाकडे पाहिलंही नाही.

फी शेवटच्या दिवशी भरली गेली, गुरुजी मास्तर झाले. आणि अक्काने मग थांबायचं नाव काढलं नाही. स्वतः लिहा-वाचायला शिकली, गावातल्या बायकांना ओट्यावर बसवून शिकवलं. पहिला धडा नवऱ्याच्या नावाचा!

परवा भेटायला गेलो. गुरुजींनी पेटीतून त्या मनिऑर्डरचं कुपन काढलं. मजकुराच्या जागेत भरत, भरत, भरत... पार कडेपर्यंत.

"जन्मात एकदा नावाने हाक मारली नाही हो तिने," गुरुजी डोळे पुसत हसले, "आणि इथे बघा, दम घेतला नाही."