मरायचा गेम घ्यायचा की नाही

मित्रांच्या किश्शांचं एक असतं, एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. आमच्यात एका गेमच्या डिस्कवरून जेवढे किस्से झाले, तेवढे बसूच्या लग्नातही झाले नाहीत. आणि त्या लग्नात भटजी नवरदेवाचे बूट घालून निघून गेले होते!

आम्ही म्हणजे तिघे. मी काकतीचा, घरची शेती, नोकरी बेळगावात. बसूचं खासबागेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान. आणि वडगावचा विनायक, त्याच्या घरात पॉवरलूमचा माग. तिघांत मिळून एक प्लेस्टेशन आहे, ते आळीपाळीनं एकेकाच्या घरी आठवडाभर मुक्कामाला असतं. नवा गेम घ्यायचा तर तिघांचं एकमत लागतं. एकानं जरी मान हलवली तरी विषय बंद.

*

हा नियम कसा आला, तेही सांगतो. मी एकदा कुणाला न विचारता शेतीचा गेम आणला, तो एकच सकाळ चालला. रविवारी सकाळी ट्रॅक्टरनं नांगरत बसलो होतो, तर दारात वडील उभे. हातात खुरपं.

“हितं किती एकर झालं?” त्यांनी विचारलं.

मी उत्साहानं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मग आता आपल्या वाफ्यात ये. तितं बटण न्हाय, वाकाय लागतंय!”

*

मागच्या हिवाळ्यात विनायकचे वडील, आप्पा, गेले. मागावरच बसले होते, छातीत कळ आली आणि संपलं. अर्धी विणलेली साडी मागावर तशीच राहिली.

विनायक त्यानंतर मागाच्या खोलीत गेलाच नाही. आम्ही गेलो की बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचा. विचारलं तर व्हय, न विचारलं तर तेही नाही. त्याची आई, तिला आम्ही आक्का म्हणतो, रोज त्या अर्ध्या साडीवरची धूळ तेवढी झटकायची. तो असाच बसून राहील की काय, याची मला खरोखर भीती वाटत होती.

आणि एक दिवस तो आपणहून बोलला. “एक गेम हाय. लई अवघड हाय म्हणतात. घेऊया काय?”

*

मी खडेबाजारात डिस्कच्या दुकानात चौकशीला गेलो. दुकानदार अण्णांनी नाव ऐकताच हात जोडले.

“बेडप्पा, बेडा! नको! नेतात आणि आठवड्यात परत आणतात. त्यात माणूस नुसता मरतो. एक गिऱ्हाईक डिस्क आणि फुटलेला रिमोट दोन्ही घेऊन आलं होतं.”

“मग विकता कशाला?”

“परत आलेली पुन्हा विकता येते की!”

*

बसूनं तो गेम चुलतभावाकडे खेळून बघितला. लगेच त्याचा फोन आला.

“मेलो रं.”

“कोण होतं समोर? राक्षस?”

“राक्षस अजून लई लांब हाय. दाराजवळ एक म्हातारा झाडू मारत हुता, त्यानं मारलं!”

मी हसलो. बसू मात्र हसला नाही. तो म्हणाला, “माझं न्हाय म्हणून धर. ज्याच्या घरातनं आत्ताच माणूस गेलंय, त्याच्या हातात ह्यो मरायचा खेळ कसा द्यायचा?”

विनायकला आम्ही ‘बघू’ म्हणालो. तो “बरं” म्हणाला आणि परत भिंतीला टेकला. त्याचं ते “बरं” मला घरी जाईपर्यंत छळत होतं.

*

शेवटी आक्कालाच विचारायचं ठरलं. विनायक दूध आणायला गेलेला बघून आम्ही गेलो.

वडगावात एक सवय असते. घराघरात माग चालतात, त्यामुळे माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. बसू लहानपणापासून त्या घरात जातो, तो उंबरा ओलांडला की त्याचा आवाज आपोआप चढतो. त्या घरातला माग बंद आहे, हे तो साफ विसरला.

“आक्का!” तो ओरडला. “विन्याला गेम पायजे! पण त्यात माणूस सारखं मरतंय!”

घरात एवढी शांतता होती की शेजारची बाई खिडकीत आली. बसूचं तोंड पडलं. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

आक्का तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, “मेलं की खेळ संपतोय?”

“न्हाय,” मी म्हणालो. “मधी मधी शेकोटी असती. तिच्याजवळ बसून इसावा घ्यायचा. मेलं की माणूस परत तिथनंच उठतंय.”

“उठतंय न्हवं?”

“व्हय.”

“मग आणा की रं.”

दुसऱ्या दिवशी बसू स्वतः जाऊन डिस्क घेऊन आला.

*

विनायक खेळायला बसला आणि मरायला लागला. आम्हा दोघांना स्क्रीनकडे बघवेना. आक्का मात्र भाजी चिरता चिरता बघायची आणि दर खेपेला म्हणायची, “उठला बघ!”

एकदा तो फारच वेळ मरत राहिला, तेव्हा बसूनं विचारलं, “आक्का, कट्टाळा न्हाय येत?”

“त्याला आला न्हाय अजून, मला कशाला येतोय?”

आमची पाळी आली तरी प्लेस्टेशन आम्ही मागितलं नाही.

*

परवा दुपारी मी आणि बसू सहज म्हणून वडगावला गेलो. दार उघडंच होतं. टीव्ही चालू, पडद्यावर तो चिलखतातला माणूस शेकोटीजवळ गुडघे मुडपून बसलेला. समोर कुणीच नाही, रिमोट चटईवर पडलेला.

“वीज काय फुकट हाय?” म्हणत बसू टीव्ही बंद करायला वाकला.

स्वयंपाकघरातून आक्का चहाचा कप घेऊन आली. आम्हाला बघून काहीतरी बोलली. ओठ हललेले दिसले, पण आतल्या खडखडाटात ऐकू काहीच आलं नाही.

“काय?” बसू म्हणाला.

ती परत बोलली. परत ऐकू आलं नाही.

“काय म्हंतीस, आक्का?”

तेव्हा आक्का मागाच्या खोलीच्या दारात थांबली आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, “बंद करू नको रं! बसलाय त्यो, बसू दे!”