पेटीवरच्या चिठ्ठ्या

ज्यांच्या पडवीत राहून मी बी. ए. झालो, त्यांना जयगडच्या खाडीपासून रत्नागिरीपर्यंत सगळे नाखवा म्हणत. मी त्यांना चाचा म्हणत असे. स्वतःच्या गलबतावर माल नेता-आणता त्यांची उमर गेली. शिक्षण चौथीपर्यंत. खाडीकाठच्या एका गावाला धक्का नव्हता, बायका कमरेएवढ्या पाण्यातून उतरत. त्यासाठी अर्ज घेऊन ते लोकल बोर्डाच्या कचेरीत इतक्या वेळा गेले की शेवटी तिथला शिरस्तेदार वैतागून म्हणाला, "नाखवा, तुम्हीच निवडून या आणि बसा इथे." ते खरंच निवडून आले. धक्का झाला, दोन शाळा झाल्या, एक उर्दू, एक मराठी. मंडणगडाकडच्या एका कुणब्याच्या मुलाला कॉलेजात जायचंय, पण शहरात राहायला जागा नाही, हे कानावर आलं तेव्हा त्यांनी आपली पडवी रिकामी केली. तो मुलगा म्हणजे मी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सही केली नव्हती.

पुढे ते विधानसभेला अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं होडी. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि मतदाराने आडोशाला जाऊन आपल्या उमेदवाराच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. वाचता न येणाऱ्या बायांना हे कसं समजवायचं? चाचांनी लाकडाची हातभर लांबीची होडी करून घेतली आणि वस्तीवस्तीत रंगीत तालीम सुरू केली. होडी बाकावर ठेवायची, प्रत्येकीच्या हातात फणसाचं पान द्यायचं. बाया एकेक करून येत, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पान ठेवत, हात जोडत. होडी पाण्यात लोटताना नाळेवर फूल ठेवायची रीत त्यांना लहानपणापासून ठाऊक होती, त्यामुळे कोणी चुकत नसे.

"बघितलंस, मास्तर? तुझ्या शाळेतली पोरं तरी इतक्या लवकर शिकतात काय?" चाचा मला म्हणाले. मी हसलो. होडीखाली पेटी ठेवून पान तिच्या फटीतून आत टाकायला शिकवायला हवं, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

मी तेव्हा हायस्कुलात शिक्षक होतो. मतदानाच्या कामाचा हुकूम आला आणि त्यांच्याच मतदारसंघातल्या एका केंद्राचा मुख्य अधिकारी म्हणून माझं नाव निघालं. मामलेदारांना सांगावं का, या विचारात तीन दिवस गेले. सांगितलं असतं तर मी चाचांच्या उपकाराखाली आहे हे उघड झालं असतं. मी गप्प राहिलो.

दुपारी रांग जरा ओसरली तेव्हा नियमाप्रमाणे मी आडोशामागे पाहायला गेलो. बाकीच्या दोन पेट्यांवर काहीच नव्हतं. होडीच्या पेटीवर, चित्राच्या बरोबर मध्ये, अकरा चिठ्ठ्या एकीवर एक ठेवलेल्या. वरच्या चिठ्ठीवर एक सोनचाफ्याचं फूलही होतं.

पेटीबाहेरची चिठ्ठी बाद, असा नियम. विरुद्ध उमेदवारांची माणसं पाणी प्यायला विहिरीवर गेली होती. चाचांचा प्रतिनिधी म्हणून बसलेला त्यांचा पुतण्या माझ्या मागोमाग आला आणि त्याला सगळं दिसलं.

"सारा की आत, मास्तर," तो कुजबुजला. "कोण बघतंय?"

"बाहेर जा."

"अहो, मतं त्यांचीच हायत ना? चोरी हाय काय ती?"

"तू आधी बाहेर जा!"

तो गेला. पुतण्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या अकराजणींना काय हवं होतं ते समोर दिसत होतं. मी फूल बाजूला ठेवलं, चिठ्ठ्या लिफाफ्यात घातल्या, लाखेने बंद केल्या. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगू लागलो, "चिठ्ठी फटीतून आत टाका." तेही घाबरत घाबरतच, कारण यात मी एकाची बाजू घेतोय असं कोणाला वाटलं तर?

चाचा थोडक्या मतांनी पडले. माझ्या लिफाफ्याने निकाल बदलला नसता, पण तालीम त्यांनी पंधरा-वीस वस्त्यांत घेतली होती. बाकीच्या केंद्रांवर काय झालं ते मी कोणाला विचारलं नाही. आठ दिवस त्यांच्या घरावरून जायचं टाळलं. मग त्यांनीच बोलावणं पाठवलं.

ओटीवर ते एकटेच जाळं विणत बसले होते.

"पुतण्या सांगतो, तू सारू शकला असतास."

"होय, चाचा."

"मग?"

"भीती वाटली."

कशाची, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"दुसऱ्यांच्या पेटीवर किती होत्या?"

"एकही नाही."

"म्हणजे माझ्या बायांनी मी शिकवलं तस्संच केलं." ते हसायला गेले, पण हसू पुरतं आलं नाही. "ऐक. त्या वस्तीत तुझं जाणं-येणं असतं. चिठ्ठ्या बाद झाल्या हे तिथं बोलू नकोस. जन्मात पहिल्यांदा मत दिलंय त्यांनी."

पुढच्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो, तर त्याच्या आजीने मला अंगणातच अडवलं. बोटावरची शाई पुसट झाली होती, तरी तिने ते बोट माझ्यासमोर धरलं. "गुरुजी, म्या नाखव्यालाच दिलं हो. नीट पोचलं ना?"

"पोचलं, आजी," मी म्हणालो.