आईकडे बघून बोला

ऑर्लेना माझ्या धाकट्या बहिणीची, व्हर्नाची लेक. व्हर्नाला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे ही पोर बोलायच्या आधी खुणांची भाषा शिकली. पुढे उंचीला अशी सुटली, की आठवीतच माझ्या स्वयंपाकघराच्या दारात मान वाकवून आत यायची. कोळशाची खाण बंद पडल्यापासून केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या पाइन फोर्क गावाला मिरवायला उरला होता फक्त शाळेचा बास्केटबॉल संघ, आणि तो संघ म्हणजे ऑर्लेना.

शाळेचं शेवटचं वर्ष लागलं आणि स्कॉलरशिप देऊन तिला आपल्या संघात न्यायला ठिकठिकाणच्या कॉलेजांचे कोच आमच्या खडीच्या रस्त्याने वर येऊ लागले. येणारा प्रत्येक जण ऑर्लेनाशी बोलायचा, नाहीतर माझ्याशी. व्हर्ना समोर बसून त्यांना मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड वाढायची. तिच्याकडे बघून सगळे नुसते हसायचे.

ऑर्लेनाने ते काही दिवस चालवून घेतलं. मग ग्रेसन विद्यापीठाचे कोच विटकोम आले. आमच्या गावात पोर रांगायच्या आधी त्याच्या डोक्यावर ग्रेसनच्या संघाची टोपी चढते. माझ्याही चढली होती.

"ऑर्लेना, आईला सांग, की आम्ही..." त्यांनी सुरुवात केली.

"तुम्हीच सांगा. आईकडे बघून बोला, मी हातांनी पोचवते."

ते हसले. दोन वाक्यं व्हर्नाकडे बघून बोलले आणि पुन्हा मान माझ्याकडे वळली. तेवढ्यात व्हर्नाने हातांनी विचारलं, "हिचा गुडघा मोडला तर शिक्षणाचं काय?" ऑर्लेनाने प्रश्न जसाच्या तसा बोलून दाखवला.

"आज कशाला असलं अभद्र!" विटकोम मला म्हणाले, "बाई, तुम्ही तरी समजवा यांना."

मी तोंड उघडणार, तोच ऑर्लेनाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून कॉफी ओतायला लागले.

"प्रश्न आईचा आहे," ती म्हणाली. "उत्तर तिला द्या."

"ते तेव्हाचं तेव्हा बघू."

ऑर्लेनाने एक शब्दही गोड न करता आईला तेच सांगितलं. व्हर्नाने त्यांच्यापुढची कॉर्नब्रेडची थाळी उचलली.

नंतर शेजारच्या ओहायो राज्यातल्या एका लहान कॉलेजच्या कोच टीगबाई आल्या. खुर्ची ओढून थेट व्हर्नासमोर बसल्या. व्हर्नाने तोच प्रश्न टाकला. बाईंनी तिच्याकडेच बघून उत्तर दिलं.

"पदवी मिळेपर्यंत स्कॉलरशिप राहील, हे मी लिहून देते. संघातली जागा राहील असं मात्र सांगत नाही, ती तिची तिने परत मिळवायची. आणि खरं सांगू? डावा हात असाच कच्चा राहिला, तर धडधाकट असूनही राखीव म्हणून बाकावर बसेल."

व्हर्ना खदखदून हसली. तिचं हसू चार घरं ऐकू जातं.

ऑर्लेनाने तिथे जायचं ठरवलं आणि गाव बिथरलं. कुणीतरी व्हर्नाच्या दारावर अंडी फोडली. पेट्रोल पंपावरच्या ब्यूफर्डने टोमणा मारला, "काय गं, ग्रेसन फार लहान पडलं वाटतं तुला?"

"हो ना, माझी आई मावेना तिथे. टाकी भरा, काका."

मीही भांडले. "वेडी आहेस का? टीव्हीवर झळकली असतीस!"

"मावशी, ज्या माणसाला माझी आई दिसत नाही, त्याच्या हाताखाली मी चार वर्षं काढू?" बुटांच्या नाड्या आवळत ती म्हणाली, "आणि डावा हात खरंच कच्चा आहे."

तो सगळा उन्हाळा ती डाव्या हाताने चेंडू आपटत चढण चढायची. जेवायचीही डाव्याने. उकडलेल्या बीन्स निम्म्या अंगावर. मी हसले, तर म्हणायची, "हस, हस. वाढ अजून."

पहिलं वर्ष तिचं बहुतेक बाकावरच गेलं. फोनवर एकदा रडली, पण परत येते असं म्हणाली नाही. दुसऱ्या वर्षी सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत आली.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी सामना बघायला गेलो. रेफरीने ऑर्लेनाचा फाउल धरला, तशी व्हर्ना उठली आणि प्रेक्षकांच्या पायरीवरून दोन्ही हातांनी त्याला झाडायला लागली.

"काय म्हणतायत या?" त्याने ऑर्लेनाला विचारलं.

"सगळं सांगितलं, तर तुम्ही मला बाहेर काढाल," ऑर्लेना म्हणाली, आईला खाली बसायची खूण केली आणि बचावाला धावत गेली.