गादीत शिवलेले लॉक

मुरबाडच्या एका सीटकव्हरवाल्याने मला फसवले. हे मला कळले वैशाखऱ्यात, आणि तोवर मी शहापूरच्या भलत्याच माणसाला शिव्या घालून मोकळा झालो होतो.

त्या सकाळी पिकअप घेऊन शहापूरला गेलो तो लहान मुलांची गाडीतली खुर्ची घ्यायला. माझी मुलगी सुनंदा वैशाखऱ्याला दिली आहे. मागच्या खेपेला नात माझ्या बायकोच्या मांडीवर बसून आमच्याकडे किन्हवलीला येत होती. मी ब्रेक मारला आणि पोरीचे कपाळ डॅशबोर्डवर फुटले. तेव्हापासून सुनंदाचे एकच म्हणणे, खुर्ची बसवल्याशिवाय पोर पाठवणार नाही.

दुकानदार घायकुतीला येईपर्यंत मी घासाघीस केली. मग खुर्ची गाडीत ठेवून बेल्ट ओढला, तर तो अडकवायचे लॉकच सापडेना.

"काका, खुर्ची बरोबर हाय. तुमच्या गाडीलाच लॉक नाय."

"नवी कोरी घेतलेली गाडी. लॉक द्यायचं विसरतील?"

"मग काय मी खाल्लं?"

माणसे जमेपर्यंत मी त्याला झाडला. शेवटी माल बांधायच्या दोरीने खुर्ची आवळली. ज्या गाठीने माझे टोमॅटोचे क्रेट घाटात हलत नाहीत, तीच गाठ.

किन्हवलीच्या पुढे भात कापून झाला होता. खाचरांत नुसते सड आणि जागोजाग उडव्या (पेंढ्यांच्या राशी). सरळगावला चहा घेतला. टोकावड्याच्या अलीकडे म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि खुर्ची दोरीसकट डॅशबोर्डवर कलंडली. नशीब, रिकामी होती. पुन्हा आवळली. समोर माळशेजचे कडे दिसत होते, पण माझे लक्ष गाठीवर.

वैशाखऱ्यात सुनंदाने मला पाणी द्यायच्या आधी खुर्चीलाच हात घातला.

"आबा, तुमी भोपळं न्यायला आलात का पोर?"

"गाठ पक्की आहे."

तिने एका हाताने खुर्ची डुगडुगवून दाखवली. "नाय देनार. राग नका मानू."

नात चप्पल घालून, काखेत पिशवी मारून दारात उभी होती. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे आली. जेवण आटोपून मी चिडून दोरी सोडली, खुर्ची खाली काढली, तर विहीणबाई हौसेने पिकअपमध्ये चढून बसल्या आणि लगेच उठल्या.

"व्याही, गादीत काय भरलंय? टोचतंय."

बायको दोन वर्षे हेच सांगत होती. मी म्हणायचो, मुरबाडला कव्हर शिवलेली गादी नवी आहे, बसेल हळूहळू.

विहीणबाईंनी कोयती आणली आणि शिवण उसवली. आत स्पंजात दाबलेले लॉक, वर दुहेरी टाका. खुर्ची पुन्हा ठेवून बेल्ट तिच्यातून ओवून अडकवला. सुनंदाने दोन्ही हातांनी खुर्ची ओढून पाहिली. हलली नाही. मग तिने पोरीला उचलून आत बसवले.

परतताना सरळगावला घराचा रस्ता सोडून मी गाडी मुरबाडला घातली.

"शेट, सगळ्यांचंच आतमदी घेतो," सीटकव्हरवाला म्हणाला. "लॉक वर राहिलं तर गिऱ्हाईक बोलतं, फिटिंग चांगली नाय. तुमीच बोललेलात ना, कव्हर टाइट पायजे?"

"टाइट म्हणालो. लॉक शीव म्हणालो?"

"बेल्ट लावतो कोन?"

मी खुर्चीकडे बोट केले. नात मान टाकून झोपली होती. तो म्हणाला, फुकट नवं शिवून देतो. फुकट नको, असे मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटले असेन.

त्याच्या दारात नव्या कव्हरच्या आणखी पिकअप उभ्या होत्या. आमच्याकडे या गाड्यांतून भाजी जाते, तशी बाळंतीण जाते, दवाखान्यात आजारी माणूस जातो. त्यांच्यातल्या कोणी बेल्ट ओढला तर तो अडकवायचा कुठे? आजवर किती गाड्यांची लॉक न विचारता शिवली, ते त्याने सांगावे. प्रत्येक गाडीवाल्याला बोलावून ती शिवण स्वतःच्या हाताने उसवावी. आणि माझी बायको दोन वर्षे त्या लॉकवर बसून होती, याचा जबाब त्याने किन्हवलीला येऊन तिला द्यावा.