मांडवाखालची मोटार

बकाराम मिस्त्रीनं शेती सोडली तेव्हापासून त्याचा सासरा त्याच्याशी एक शब्दही थेट बोलला नव्हता. समोर जावई बसलेला असताना पुनाराम बुढा पोरीला म्हणायचा, "रुख्मा, त्या गिरीसवाल्याले पूस, चहा पेते का?" रुख्मा नवऱ्याकडे वळायची, बकाराम तिला "पेतो" म्हणायचा, आणि ते उत्तर रुख्माच्या तोंडून दीड हातावरच्या बापापर्यंत पोचायचं. तोवर चहा थंड.

बुढ्याचा राग अगदीच उगाच नव्हता. बोदलकशाकडचं हे घराणं तलाव नि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधणारं. तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभं राहून नुसत्या नजरेनं पाण्याचा उतार सांगणारी माणसं. त्यांनी पोरगी दिली ती बकारामच्या धानाच्या बांध्या, भातखाचरं, पाहून. आणि जावयानं वर्षभरात नांगर भावाच्या हाती देऊन गोंदियात मोटारींखाली लोळायला सुरुवात केली. बकाराम कामात बरा होता, फुशारकीत त्याहून बरा. "इंजन माह्या हाताले ओळखते," असं तो चारचौघांत सांगायचा. इंजिन ओळखत असेल, सासरा ओळखत नव्हता, आणि ते त्याला फार लागायचं.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात धाकट्या मेहुणीचं, गंगाचं, लग्न ठरलं. मुलाचा बाप भैय्यालाल गोंदियातला किराणा दुकानदार. त्यानं एकच अट घातली. "लडका मोटर में आयेगा, और सीधा मांडव के नीचे उतरेगा." खेड्यात मोटार आणायची कुणी? सगळ्यांच्या माना बकारामकडे वळल्या, आणि ही संधी सोडेल तो बकाराम कसला! मोटार मांडवात शिरली की सासरा तोंडानं 'शाबास जावई' म्हणणार, हे त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं.

मोटार होती दुलीचंद सेठच्या धान गिरणीवर. पत्र्याच्या टपाची, उंच, आणि बकाराम जवळ असला तरच चालणारी. सेठनं कौतुकानं दिली. बकारामनं दोरानं मांडव मोजला, मोटार मोजली, आणि दोर पुन्हा लावून पाहिला. मोटार मांडवापेक्षा दोन वीत उंच होती.

त्यानं रुख्माकरवी निरोप धाडला, मांडव थोडा वर घ्या. उत्तरही रुख्माच घेऊन आली. "बाबा म्हणते, मेढ रोवली का मांडव हालत नाही. वर नाही, खाली नाही."

"मंग गाडी खाली येईन," बकाराम म्हणाला.

जबलपूरच्या लष्करी भंगारातून त्यानं जीपच्या स्प्रिंगचे चपटे पाटे आणि धक्के झेलणारे आखूड शॉकप आणले. मोटारीच्या चाकांवरचे जुने कमानदार पाटे काढून हे बसवले. गाडी उतरली, पण पुरेशी नाही. मग त्यानं पाट्यांच्या प्रत्येक थप्पीतले दोनदोन पाटे काढून टाकले. आता ती खुडूक कोंबडीसारखी दबून बसली. तरी चार बोटं उरलीच. शेवटी त्यानं गिरणीतले हमाल आत कोंबले, तशी गाडी मऊ गादीगत खाली गेली आणि टप मांडवाच्या उंचीवर ताणलेल्या दोराखालून अलगद निघाला. बकारामनं मांडीवर थाप मारली. बरातीत माणसं काय कमी असतात?

सेठ बाहेर येऊन बघतच राहिला. "मेरी गाडी को क्या हुआ रे?"

"आराम कर रही है, सेठ."

लग्नाच्या दिवशी गाडीत नवरदेव, त्याचे भाऊ, मेहुणे, करवल्या आणि कुणाच्या नात्यातला ते शेवटपर्यंत न कळलेला एक लठ्ठ पाहुणा असे खच्चून भरले. वाटेत शेताच्या प्रत्येक धुऱ्यावर गाडीचं पोट घासलं आणि बकारामचं काळीज. पण मांडवाशी ती आली ती अशी ऐटीत, की वाजंत्री क्षणभर वाजवायचे थांबले. टप आडव्या बांबूखालून गेला. आंब्याचं एक पानसुद्धा हललं नाही. पुनाराम बुढा पुढे आला, मिशीवरून हात फिरवला, त्याचे ओठ उघडले. बकारामनं कान टवकारले.

तेवढ्यात बरात उतरू लागली.

नवरदेव उतरला, गाडी बोटभर वर आली. करवल्या उतरल्या, आणखी वर. लठ्ठ पाहुणा उतरला आणि गाडीनं मोठा सुस्कारा टाकून जी उसळी घेतली, तिच्यासोबत अख्खा मांडव वर गेला. जांभळाच्या डहाळ्यांसकट, तोरणांसकट. खांब खड्ड्यांतून निघाले आणि हळद लावलेली मेढ जमिनीपासून वीतभर अधांतरी लोंबू लागली.

"मेढ उपटली वो माय!" पुनारामची बहीण धुरपताबाई किंचाळली. मेढ उपटली म्हणजे लग्नच उपटलं.

"वजन पाह्यजे!" स्टिअरिंगवरून खाली उडी टाकत बकाराम ओरडला. "बसा, परत बसा!"

भैय्यालालनं हाताची घडी घातली. "उतरी हुई बारात वापस नहीं चढती."

मग मुलीकडच्यांनीच बसायचं. धुरपताबाईनं सगळ्यात वजनदार माणूस हेरला, म्हणजे सख्खा भाऊ पुनाराम, आणि त्याला मागच्या बाजूनं आत लोटला. पुनारामचे तिघे भाऊ पुढे दाटीवाटीनं बसले. तरी मेढ जरा उचललेलीच होती, म्हणून बकाराम सासऱ्याशेजारी शिरला. खांब निमूट आपापल्या खड्ड्यांत गेले.

कन्यादान मोटारीच्या खिडकीतून झालं. नवरदेवानं पाय फूटबोर्डावर ठेवला, फूटबोर्ड इतका खाली होता की पाट लागलाच नाही, आणि पुनारामनं दारातून वाकून पाय धुतला. बुढा खोकला की मांडव डोलायचा आणि भटजींच्या डोक्यावर पानं पडायची. अक्षता आतल्यांवर जास्त पडल्या.

लग्न लागलं. पुढचे तिघे भाऊ घोरू लागले. पुनारामच्या मनात काहीतरी आलं.

"रुख्मा, त्याले पूस," त्यानं सुरुवात केली. पण रुख्मा पार तिकडे नवरीजवळ होती. मध्ये कुणीच नव्हतं. बुढा बराच वेळ चुळबुळला, मांडव दोनदा डोलला.

"काऊन गा," तो शेवटी म्हणाला, "वजन उतरलं का गाडी वर येईन, हे तुले समजलं नाही?"

सगळी फुशारकी कुठे गेली कुणास ठाऊक. "नाही जी," तो म्हणाला. "ध्यानातच नाही आलं."

बुढा गालातल्या गालात हसला. "मी पह्यला तलाव बांधलो, तवा सांडवा गावाकडं काढलो होतो. पाणी पाटलाच्या चुलीत गेलं." मग दबक्या आवाजात, "कोनाले सांगजो नको."

एवढ्यात रुख्मा तरातरा आली. "अजी, तुमच्या डोक्यात काही हाये का नाही? घरात धानाची पोती हायेत. पोती टाका आन् उतरा ना!"

खरंच की. इतक्या माणसांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. भाऊ जागे होऊन उतरू लागले. बकारामनं हळूच दाराला हात लावला.

पुनारामनं तो हात धरला.

"पुढच्या बाजूले टाका पोती," तो खिडकीतून म्हणाला. "इकडं नको. इकडं आमी दोघं बोलून राहिलो."