बावटा लागायच्या आत

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी दिघीला आले. नाव नोंदवलेला दवाखाना मात्र खाडीपलीकडे. धक्क्यावर वादळाचा बावटा लागला की फेरीबोट बंद. नेमक्या त्याच दिवशी कळा सुटल्या तर? रोज सकाळी मी आधी बावटा बघायची, मग चहा घ्यायची. शेवटी डॉक्टरांना म्हटलं, तारीख द्या, सिझर करा.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "कळांना भ्याली." भ्याले होतेच, पण कळांना नाही. आईने माझी बॅग भरायला घेतली.

ठरलेल्या दिवशी खाडी अगदी शांत होती. बोटीत मी आईला विचारलं, "उगाच घाई केली का गं?"

तिने मागे धक्क्याकडे पाहिलं. "तुझ्याआधीची माझी पोर तिथंच जन्मली, बोटीची वाट बघता बघता. रडलीच न्हाय."