मागे ठेवलेली सिमकार्डं

इथे आखातात, मिरकाबमधल्या आमच्या फ्लॅटला रंग दिला तो रंगारी सिंधुदुर्गातला. त्याच्या मुलीचं लग्न गावी ठरलं आणि त्याच्या कंपनीने रजा नाकारली. मग त्याने लग्न फोनवर बघायचं ठरवलं आणि मला जेवायचं आमंत्रण दिलं. शुक्रवारी सकाळी मीना अल-अहमदीजवळच्या त्याच्या खोलीत पोचलो, तेव्हा खाटा भिंतीशी उभ्या करून सगळे गाववाले इस्त्रीचे शर्ट घालून सतरंजीवर बसले होते.

मी एका मोबाइल कंपनीत आहे. एका टॉवरवर एकदम गर्दी झाली की इंटरनेट कोणाला किती द्यायचं, त्याचे नियम आमचा विभाग बसवतो. अशा वेळी स्वस्त पॅकची कार्डं मागे ठेवायची आणि महागड्या पॅकवाल्यांना, आम्हा कर्मचाऱ्यांनाही, आधी वाट द्यायची, हा नियम मीच मांडला होता. आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्या वस्तीतला जो तो घरी व्हिडिओ कॉल लावतो.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि चित्र अडकलं. रंगाऱ्याने फोन खिडकीशी धरला, दाराबाहेर नेला, परत आणला.

"साहेबानू, बघा ना, चेडवाचा तोंडच दिसना नाय."

"टॉवरवर लोड आहे," मी म्हणालो.

माझा फोन खिशात होता. तो इथेही सुरळीत चालणार हे मला ठाऊक होतं. तो चालला की सगळे माझ्याकडे बघणार, हेही. हात खिशाशी गेला आणि तिथेच घुटमळला. शेवटी फोन काढून गावी मांडवात फोन धरलेल्या माणसाला माझ्या नंबरवर कॉल लावायला सांगितलं, तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या. हार घालून झाले होते.

माझ्या फोनवर मुलगी स्वच्छ दिसली. तो दोन्ही हातांत फोन धरून रडला.

जेवणं झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "गर्दी झाली की तुमचं कार्ड मागे ठेवतात. तो नियम मीच केलाय."

त्याने आपला फोन खिशातून काढून उलटसुलट करून बघितला. "म्हंजे फोन बिघडलेलो नाय? माका वाटला, बाद झालो." त्याला हायसं वाटलं होतं. निघताना त्याने लाडू बांधून दिले. ते घेताना माझी मान वर होईना.

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, मी वरिष्ठांकडे जाऊन त्या टॉवरपुरता तो नियम बदलू या म्हणालो.

"तिथून तक्रार आलीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्यांना वाटतं, आपलेच फोन खराब आहेत."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं. शुक्रवारपुरतं करून बघ."

तेव्हापासून शुक्रवारी त्या टॉवरवर प्रत्येक कार्डासाठी चित्र अडकणार नाही एवढा वाटा राखलेला असतो. महागड्या पॅकवाल्यांचं चित्र तेवढं जरा पुसट होतं.

हे मी रंगाऱ्याला कळवलेलं नाही. कळवलं तर तो माझे आभार मानेल, आणि ते मला ऐकवणार नाहीत.